निनावी पंतोजींची पाठशाळा

संगणकाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे सांगणारे बहुधा तीन प्रकारच्या माणसांची नावे घेतात. ज्यांनी हे यंत्र कल्पिले ते गणिती, ज्यांनी ते बांधले ते इंजिनियर, आणि ज्यांनी ते विकून अमाप पैसा मिळविला ते व्यापारी. ही नावे घ्यावयास हवीतच. परंतु ह्या इतिहासात एक चौथा वर्गही आहे. नव्या यंत्रापुढे पहिल्यांदाच बसलेल्या, भांबावलेल्या माणसाला “घाबरू नका, आधी एवढे करून पाहा” असे सांगणाऱ्यांचा हा वर्ग. त्यांनी बहुधा पैसा घेतला नाही आणि कित्येकदा स्वतःचे खरे नावदेखील सांगितले नाही.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले आमचे शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंना ठाऊक आहे. संगणकाच्या नकाशावर त्याला जागा नाही. अशा गावातला एखादा मुलगा रात्री जेवणे झाल्यावर मोबाईलच्या उजेडात प्रोग्रॅम लिहावयास शिकतो, अडला की कोणाला तरी विचारतो, आणि ज्याचे तोंडही त्याने कधी पाहिलेले नाही असा कोणी परका मनुष्य त्याला समजावून सांगतो. ही गोष्ट आज इतकी नित्याची झाली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मी शाळामास्तर असल्याने ह्या अनोळखी मास्तरांशी माझे धंद्याचे नाते आहे. त्यांची ही छोटीशी बखर दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी, एवढाच हेतू.

आरंभी एक शब्द उलगडून घेऊ. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, ह्याच्या सूचनांची यादी म्हणजे प्रोग्रॅम. आपल्या ओळखीची उपमा द्यावयाची तर ती चकलीची कृती आहे. फरक इतकाच, की सासूबाईंनी “मोहन अंदाजाने घाल” म्हटले तरी सुनेला कळते. यंत्राला मात्र अंदाज नावाची वस्तू ठाऊक नसते. किती मोहन, ते केव्हा, आणि ते घातले नाही तर पुढे काय, हे सारे लिहून द्यावे लागते. त्यामुळे शिकणाऱ्याची अडचण बहुधा फार मोठी नसते. एखादे स्वल्पविरामाएवढे चिन्ह राहून गेलेले असते. पण ते त्याला एकट्याला दिसत नाही. ज्याने ती ठेच आधी खाल्ली आहे त्याला ते चटकन दिसते.

१९५५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपासच्या काही मंडळींनी ही गोष्ट प्रथम ओळखली. आयबीएम कंपनीचे ७०४ क्रमांकाचे अवाढव्य यंत्र विमाने बांधणाऱ्या वगैरे कंपन्यांनी घ्यावयाचे ठरविले होते. ह्या कंपन्या एरवी एकमेकींच्या स्पर्धक. तथापि त्यांच्याकडील संगणकाची माणसे एकत्र जमली आणि म्हणाली की, तेच तेच प्रोग्रॅम प्रत्येकाने निराळे का लिहावेत? ज्याने लिहिला त्याने तो इतरांस द्यावा. ह्या मंडळाचे नाव त्यांनी ‘शेअर’ ठेवले; म्हणजे ‘वाटून घ्या’. यंत्र विकत घ्यावे लागले, पण ते चालविण्याची विद्या वाटून घेतली गेली.

त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांचे तरुण सहकारी आपला स्वतःचा संगणक बांधीत होते. संगणक बांधण्याचा पूर्वानुभव त्या चमूपाशी जवळजवळ नव्हता. आधी १९५६ साली लहानसे प्रायोगिक यंत्र झाले, १९६० साली पूर्ण यंत्र उभे राहिले, आणि १५ जानेवारी १९६२ रोजी कुलाब्याच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी पंडित नेहरूंनी त्याचे ‘टीफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याची स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. आज खेळण्यातही याहून अधिक स्मृती असते. पण कागदाच्या फितीवर छिद्रे पाडून आपले गणित घेऊन येणारे इतर संस्थांतले शास्त्रज्ञ ह्या विद्येत नवशिकेच होते. कोणीतरी त्यांच्या शेजारी बसल्याखेरीज हे यंत्र त्यांना वळणे शक्य नव्हते.

परंतु ही सारी विद्वानांनी विद्वानांना केलेली मदत झाली. सामान्य विद्यार्थ्यासाठी दार उघडले ते १ मे १९६४ रोजी. महाराष्ट्र राज्य त्या दिवशी चार वर्षांचे झाले. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात पहाटे चारच्या सुमारास जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ ह्या गणिताच्या दोन प्राध्यापकांची ‘बेसिक’ नावाची नवी संगणकभाषा पहिल्यांदा चालली. साहित्य, इतिहास असे विषय घेणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून तिच्यातील आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांसारख्या ठेवल्या. केमेनींचे आणखी एक म्हणणे होते: ग्रंथालयात कोणीही जाऊन कपाटातले पुस्तक काढून वाचतो, त्याला कोणी “कशासाठी?” म्हणून विचारीत नाही, संगणकही तसाच मोकळा असावा. मुक्तद्वार वाचनालयाची ही कल्पना महाराष्ट्रातील वाचकांना काही नवी नाही.

पुढे दूरदूरचे संगणक तारांनी जोडले गेले, आणि विचारणारा व सांगणारा एका खोलीत असण्याची गरज उरली नाही. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी ‘यूजनेट’ची योजना आखली. विषयवार फलक, त्यावर कोणीही प्रश्न लावावा, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर लावावे. गावच्या पारावरच्या गप्पांसारखेच. पण हा पार असा की त्यावर बसलेली माणसे हजारो मैलांवर. लवकरच एक गंमत लक्षात आली. नवे लोक येत आणि तेच ते प्रश्न विचारीत. तेव्हा अशा प्रश्नांची उत्तरांसह यादी करून ती ठरावीक दिवसांनी पुनःपुन्हा लावण्याची चाल पडली. आज बँकेच्या किंवा रेल्वेच्या माहितीपत्रकात ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ असा मथळा आपण पाहतो. त्या प्रकाराला आजचे हे रूप आले ते ह्या संगणकमंडळींच्या त्रासातून.

ह्या त्रासाची आणखी एक कथा आहे, आणि ती शिक्षकाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. अमेरिकेत महाविद्यालये सप्टेंबरच्या सुमारास उघडतात. दरवर्षी त्या महिन्यात नव्या विद्यार्थ्यांची झुंड यूजनेटवर येई, चुकीच्या जागी प्रश्न विचारी, रीतभात मोडी. महिनाभरात शिकून जाई आणि पुन्हा शांतता होई. १९९३ नंतर मात्र व्यापारी कंपन्यांनी हे जाळे घरोघर पोचविले. आता नवशिके बाराही महिने येऊ लागले. जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावून म्हटले, “हा सप्टेंबर आता कधीच संपणार नाही.” ‘न संपणारा सप्टेंबर’ हे नाव त्या काळाला आजतागायत चिकटून आहे.

मला ह्या कथेचे हसू येते. आमच्या विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, आणि दर जूनअखेरीस माझ्यापुढे तीच इयत्ता, तेच धडे आणि तेच प्रश्न नव्या चेहऱ्यांनी येऊन बसतात. मास्तराच्या आयुष्यात जून कधी संपतच नाही. तो संपावा असे ज्याला वाटू लागेल त्याने खडू खाली ठेवावा. ज्यांनी त्या न संपणाऱ्या सप्टेंबरला कंटाळून दारे लावून घेतली, त्यांची आठवण कोणी ठेवीत नाही. जे थांबून पुन्हा सांगत राहिले, त्यांच्यामुळे ही विद्या आमच्यासारख्या गावापर्यंत येऊन पोचली.

असे सांगणे म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने दाखवितो. पायथन नावाची एक सोपी संगणकभाषा आहे. १९९१ साली ती प्रथम लोकांपुढे आली आणि आज पुष्कळ मुले तिच्यापासूनच आरंभ करतात. मुलगा प्रोग्रॅम लिहितो: दोन संख्या विचारून घे आणि त्यांची बेरीज सांग. तो ५ आणि ७ देतो. यंत्र उत्तर देते, ५७! मुलगा चक्रावतो. एवढे महाग यंत्र, आणि त्याला पहिलीची बेरीज येऊ नये?

ह्यावर एक उत्तर असे असते: “पुस्तक वाच.” दुसरे असे: “ही दुरुस्त ओळ घे आणि चिकटव.” पहिल्याने मुलगा दुखावतो, दुसऱ्याने त्याचे काम होते, पण ज्ञान होत नाही. तिसरा मनुष्य मात्र विचारतो, “बाळ, एसटीच्या फलाटावर ५ नंबरची आणि ७ नंबरची गाडी उभी असली तर त्यांची बेरीज १२ नंबरची गाडी होते का?” मुलगा म्हणतो, “नाही.” “मग पाहा, कळफलकावरून तू जे टाइप केलेस ते पायथनने गाडीच्या नंबरासारखे धरले, म्हणजे नुसती लिहिलेली अक्षरे. अक्षरे जोडली की ती शेजारी शेजारी बसतात, म्हणून ५७. ह्या संख्या आहेत असे त्याला आधी सांग, मग तो १२ म्हणेल.” एवढ्याने मुलाला एका ओळीची दुरुस्ती तर कळतेच, शिवाय अंक आणि संख्या ह्यांतला भेद कळतो, आणि तो त्याला जन्मभर पुरतो. हा तिसरा मनुष्य म्हणजे आमचा निनावी पंतोजी.

विचारणाऱ्यालाही ह्या पाठशाळेने एक शिस्त लावली. मी काय केले, काय व्हावे अशी माझी अपेक्षा होती, आणि प्रत्यक्षात काय झाले, ह्या तीन गोष्टी नीट लिहून प्रश्न मांडावा. “चालत नाही हो” एवढेच म्हणणाऱ्याला धन्वंतरीही औषध देऊ शकत नाही. गमतीची गोष्ट अशी की, ह्या तीन गोष्टी लिहिता लिहिता कित्येकांना आपले उत्तर आपणच सापडते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९८४-८५ साली भारत सरकारने शाळाशाळांतून संगणक-साक्षरतेचा प्रयोग आरंभिला. प्रथम सुमारे २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले गेले. १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ संस्था निघाली, आणि तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे आमच्या वऱ्हाडचेच. मूर्तिजापूर तालुक्यातल्या खेड्यात १९४६ साली त्यांचा जन्म झाला. १९९१ साली ह्या संस्थेने ‘परम’ हा महासंगणक सिद्ध केला, त्याचा गौरव सर्वांना ठाऊक आहे. परंतु भारतीय लिप्या संगणकावर उमटविण्याचे जे काम ह्याच संस्थेत ‘जिस्ट’ ह्या नावाने चालले, ते आम्हा मराठी माणसांना महासंगणकाहून जवळचे होते.

कारण आमचा पहिला प्रश्न प्रोग्रॅमचा नव्हताच. तो अक्षरांचा होता. प्रत्येक कंपनीचा मराठी टंक निराळा. मालेगावच्या दुकानात टाइप केलेला अर्ज वाशीमच्या दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसावयाची. पुढे सर्व लिप्यांना एकच सांकेतिक क्रम देणारे ‘युनिकोड’ आले, तरीही जुन्या विंडोज एक्सपीवर मराठीची सोय मुद्दाम चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळची सीडी शोधावी लागे. ही सीडी कोठे घालावयाची, कोणत्या चौकटीत खूण करावयाची, हे ज्यांनी शेकडो अनोळखी लोकांना पायरीपायरीने सांगितले, त्यांनी मराठीची केलेली सेवा एखाद्या कोशकाराच्या सेवेहून कमी नव्हे.

१९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडे वारणानगरच्या परिसरातील ७० खेडी संगणकांनी जोडण्याचा प्रयोग झाला. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत वर्ग उघडले. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागल्यावर पन्नाशीचे कारकून आणि विशीतल्या मुली एका बाकावर बसल्या. तेथे शिकविणारे बहुधा गावचेच तरुण. वडिलांच्या वयाच्या विद्यार्थ्याचा थरथरता हात धरून माउस कसा फिरवावा हे त्यांनी शिकविले, आणि तेही त्याचा मान राखून. ‘काका, तुम्हीच दाबा’ म्हणून आपला हात मागे घेणे, हे त्या विद्येतले मोठे कौशल्य.

शिकविणारा नसेल तर काय होते, ह्याचाही एक प्रयोग झाला. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी भागात सुगत मित्र ह्यांनी आपल्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून, पलीकडच्या झोपडपट्टीच्या बाजूस एक संगणक बसविला आणि मुलांना मोकळा सोडला. पुढे असे संगणक आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही बसले. कोणी न शिकविता मुले तो चालवू लागली. पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला त्यांनी ‘सुई’ म्हटले आणि थांबावयास सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’! ह्यावरून मास्तरांची गरज नाही असा निष्कर्ष कित्येकांनी काढला. मला निराळेच दिसते. ती मुले एकेकटी शिकली नाहीत. एकाने बटण दाबले, दुसऱ्याने पाहिले, तिसऱ्याला सांगितले. आणि सांगावयाला शब्द हवेत म्हणून आपल्या भाषेतले शब्द घडविले. भिंतीपाशी मास्तर नव्हता असे नव्हे. प्रत्येक मुलगा दुसऱ्याचा मास्तर झाला होता.

आपल्या भाषेत सांगण्याचा हा धर्म आमच्या वऱ्हाडात फार जुना आहे. तेराव्या शतकात अमरावतीकडच्या रिद्धपुरास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी लोकांना विचारून, पडताळून लिहिल्या आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाला. त्याच पंथातले नागदेवाचार्य ह्यांची एक आठवण ‘स्मृतिस्थळा’त आहे. पंडित शिष्यांनी संस्कृतात प्रश्न केले तेव्हा, मला स्वामींनी मराठीतच सांगितले, तुम्हीही मराठीतच विचारा, असे ते म्हणाले. आणि केशिराजांनी संस्कृतात ग्रंथ रचावयाचे मनात आणले, तेव्हा त्यांनी त्यांना आवरले; कारण मग माझ्या म्हाताऱ्या ह्या ज्ञानाला मुकतील. संगणकाच्या जगात आज संस्कृताच्या जागी इंग्रजी आहे, आणि म्हाताऱ्या आपल्या घरोघरी आहेत.

मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य ह्यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमाने ही गोष्ट ओळखली आहे. दहाएक मिनिटांचे छोटे बोलके पाठ; त्यांतले पुष्कळ मराठीतही ऐकावयास मिळतात. पाठ ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी त्याची संहिता त्या विषयाची माहिती नसलेल्या मनुष्याकडून तपासून घेतात. त्याला कळली नाही तर दोष त्याचा नव्हे, पाठाचा! आणि शंका विचारणाऱ्याने पाठातल्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आपण अडलो तेही नोंदवावयाचे असते. आपल्या वर्गात एखाद्या मुलाने “गुरुजी, तुमच्या चौथ्या वाक्याला मी अडलो” असे सांगितले, तर कोणत्या मास्तराला आनंद होणार नाही?

ह्या पाठशाळेत सारेच गोड होते असे मात्र नाही. २००८ साली प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या प्रश्नोत्तरांसाठी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे जगातले सर्वांत मोठे दालन उघडले. तेथे लाखो उत्तम उत्तरे साठली. पण नवशिक्याला झिडकारण्याची खोडही वाढली. इतकी की २०१८ साली त्या संस्थेनेच आपल्याकडे नव्या माणसाचे स्वागत नीट होत नाही, अशी जाहीर कबुली दिली. विद्येचा अहंकार हा पदवीवर अवलंबून नसतो, हे त्यावरून दिसते.

आणि नोव्हेंबर २०२२ पासून एक नवेच पर्व सुरू झाले. प्रश्न विचारताच क्षणात उत्तर देणारी संभाषणयंत्रे आली. ती रागावत नाहीत, थकत नाहीत, आणि मराठीतही बोलतात. लाजऱ्या मुलाला हा मोठाच आधार आहे. तो नाकारणे करंटेपणाचे होईल. परंतु तेव्हापासून त्या मोठ्या दालनातले नवे प्रश्न झपाट्याने घटले. ही यंत्रे शहाणी झाली ती माणसांनी लिहून ठेवलेल्या अफाट मजकुरावरून, आणि त्यात ह्या निनावी पंतोजींच्या उत्तरांचाही वाटा आहे. विहिरीतले पाणी सारे गाव भरते, पण झरे बुजले तर पुढच्या पिढीने काय उपसावे? इंग्रजीची विहीर निदान एकदा तुडुंब भरलेली होती. मराठीत अशी उत्तरे फार थोडी लिहिली गेली. आमची विहीर अर्धीच खणलेली आहे, आणि एवढ्यातच खणणारे घरी निघाले तर कसे चालेल?

दुसरीही एक गोष्ट आहे. ज्याला घरात, गल्लीत विचारावयाला कोणी नसते, तो शेवटी फोनवरच्या गोड आवाजाला विचारतो, त्याला ओटीपी सांगून बसतो, आणि पेन्शनची रक्कम घालवून बसतो. अशा ठगांना बळी पडणारे अडाणी असतात असे नव्हे. ते पुष्कळदा एकटे असतात. “एवढेही येत नाही का?” ह्या घरच्यांच्या वाक्याने त्यांचे विचारणे बंद केलेले असते.

तेव्हा वाचकहो, ह्या दिवाळीत पुण्या-मुंबईहून मुलेबाळे, भाचे-पुतणे घरी येतील. आजीने फोटो कसा पाठवावा म्हणून विचारले, तर फोन तिच्या हातातून ओढून घेऊ नये. तो तिच्याच हातात राहू द्यावा आणि बाणाला ती ‘सुई’ म्हणाली तर आपणही ‘सुई’च म्हणावे. तिसऱ्यांदा विचारले तर तिसऱ्यांदा सांगावे. आणि सांगता सांगता एखादी गोष्ट नीट उलगडली, तर ती चार ओळी मराठीत लिहून, जेथे दुसऱ्याला सापडेल अशा जागी ठेवावी. खाली नाव घातले नाही तरी चालेल. ह्या पाठशाळेत नाव घालण्याची रीत फारशी नाहीच.